स्थलांतर करून माणूस सुखी होतो का? आणि विचारायचं कोणाला?

गोदाकाठ | शनि, ०९:१२

मंडळी, मी मूळची नाशिकची, आता ऑकलंडला असते. इथे दक्षिणेकडे मांगेरे, ओटाहुहू या भागांत टोंगन लोकांची मोठी वस्ती आहे. रविवारी कमरेला विणलेली चटई गुंडाळून (ताओवाला म्हणतात तिला) अख्खी कुटुंबं चर्चला निघालेली दिसतात. या लोकांवर झालेला एक अभ्यास वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये.

न्यूझीलंड दरवर्षी ठरावीक टोंगन लोकांना कायमचं राहायला घेतं. अर्ज भरपूर, जागा थोड्या, म्हणून चक्क सोडत काढतात, म्हाडासारखी. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन, स्टीव्हन स्टिलमन वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी सोडतीत नंबर लागून आलेले आणि नंबर न लागल्यामुळे टोंगातच राहिलेले अशा दोघांना गाठून विचारपूस केली. आलेल्यांची कमाई तिपटीहून जास्त झाली. मानसिक आरोग्य सुधारलं, बायकांचं तर जास्तच. पण 'तुम्ही किती आनंदी आहात' या प्रश्नाचं उत्तर काही वर्षांनी खाली घसरलेलं निघालं. आणि रक्तदाब वाढला!

म्हणजे पैसा आला, मन सावरलं, तरी आनंद कमी झाला. हे कसं काय?

तुमचा अनुभव सांगा. गाव, शहर, देश, काहीही सोडलं असेल तरी चालेल. असल्या सर्वेक्षणांत एक शिडी कल्पायला सांगतात: सर्वात खालची पायरी ०, म्हणजे तुमच्या दृष्टीनं वाईटात वाईट आयुष्य, आणि वरची १०, म्हणजे उत्तमात उत्तम. तुम्ही कितव्या पायरीवर? मी सुरुवात करते. ६.

हुप्प्या | शनि, ०९:३१

मी सदाशिव पेठेतून कोथरूडला स्थलांतर केलंय. स्थानिक संस्कृतीत मिसळायचा प्रयत्न चालू आहे. शिडीवर ४, कारण लिफ्ट बंद आहे.

समुद्रपार | शनि, १०:०५

म्युनिकहून. माझे ७. पण खरं सांगायचं तर हा आकडा मी कोणाशी तुलना करतोय त्यावर ठरतो. आल्या आल्या ९ सांगितले असते, कारण तेव्हा मनात गावाकडचं घर होतं आणि तिथला पगार होता. आता ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांशी तुलना होते. त्यांना आजीचं घर वारशात मिळतं, मी भाडं भरतो. त्यात शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. जो मागच्या बाकावर बसायचा त्याचे बाणेरमध्ये दोन फ्लॅट आहेत.

चीनमध्ये खेड्यातून शहरात आलेल्यांवर नाइट आणि गुणतिलक यांचा अभ्यास आहे, तो याच वळणाचा आहे. शहरात आलेले लोक गावात राहिलेल्यांपेक्षा जास्त कमवत होते, तरी सुखाच्या मोजमापात ते गावकऱ्यांच्याही खाली आणि शहरी लोकांच्याही खाली. लेखकांचं मुख्य म्हणणं असं की शहरात आल्यावर अपेक्षाच बदलतात. पूर्वी शेजारच्याचं घर बघायचो, आता समोरचा टॉवर बघतो.

रानजाई | शनि, १०:४०

वाचतेय. संध्याकाळी निवांत लिहिते.

सांख्यिक | शनि, ११:२०

गोदाकाठताई, चांगला धागा. या अभ्यासात खरी गंमत सोडतीत आहे, ती थोडी उलगडतो.

स्थलांतरितांची तुलना एरवी गावात राहिलेल्यांशी करतात. पण जाणारा माणूस मुळात वेगळाच असतो ना. जास्त धडपड्या, जास्त शिकलेला, कधी कधी घरात भांडण झालेला. त्यामुळे त्याच्यात दिसणारा फरक स्थलांतराचा की स्वभावाचा, हे कळायला मार्ग नाही. सोडतीत मात्र जाण्याची इच्छा दोघांनाही होती, नशीब फक्त वेगळं निघालं. याच मंडळींनी दुसऱ्या एका निबंधात दाखवलंय की सोडत नसताना वापरायच्या नेहमीच्या पद्धती लावल्या तर कमाईतला फायदा २० ते ८२ टक्के फुगवून दिसतो. म्हणून मी 'अमुक देशात गेलेले भारतीय इतके सुखी' अशी बातमी वाचली की आधी विचारतो, कोणाच्या तुलनेत?

दुसरं असं की मानसिक आरोग्य सुधारलं आणि आनंद घटला यात विसंगती नाही. पहिलं मोजताना तुम्ही किती घाबरेघुबरे असता, किती खचलेले असता हे विचारतात. ते कमी झालं म्हणजे हसू वाढलंच असं नाही.

तिसरं, २०१८ चा जागतिक आनंद अहवाल खास स्थलांतरावर होता. त्यात ११७ देशांतल्या स्थलांतरितांची वेगळी क्रमवारी लावली होती. पहिला फिनलंड. आणि सर्वसाधारण क्रमवारीतही त्या वर्षी पहिला फिनलंडच. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. म्हणजे तुम्ही जिथे जाता तिथले लोक जितके सुखी, साधारण त्याच्या आसपास तुम्ही पोचता. मायदेशाची छाप थोडी उरते, पण फार नाही.

हुप्प्या | शनि, ११:२६

म्हणजे कोथरूडकर सुखी असतील तरच माझं काही खरं. बसलो का!

खडूस | शनि, १२:५०

सगळे जाणाऱ्याच्या सुखाचं बघताय. जिथे येऊन पडतात तिथल्यांचं काय? सकाळी आठला डोंबिवलीत लोकलमध्ये चढून दाखवा, मग शिडी बिडी काढू. हार्वर्डच्या रॉबर्ट पुटनम यांनीच दाखवून दिलंय की वस्तीत वेगवेगळ्या प्रकारचे लोक वाढले की शेजारधर्म आणि विश्वास कमी होतो. तो काही मराठी पक्षाचा माणूस नाही.

सांख्यिक | शनि, १३:१५

खडूस, पुटनम अर्धेच सांगितलेत. २००७ चा तो निबंध अमेरिकेतल्या सुमारे ३० हजार लोकांच्या सर्वेक्षणावर आहे, आणि मिश्र वस्तीत लोक शेजाऱ्यांवर कमी विश्वास ठेवतात हे त्यात आहेच. गंमत म्हणजे आपल्यासारख्याच दिसणाऱ्यांवरही कमी ठेवतात. पण त्याच निबंधात ते म्हणतात की हा जवळच्या काळातला परिणाम आहे. लांब पल्ल्यात समाज 'आपण' कोण याची व्याख्याच रुंद करत जातात. पुढे युरोपातल्या अभ्यासांतून संमिश्र निष्कर्ष आले. बऱ्याच ठिकाणी विविधतेपेक्षा गरिबीचाच हात मोठा दिसला.

मुंबईपुरतं बोलायचं तर १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभरातले ८४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. आणि बाहेरून आलेल्यांत सर्वात मोठा लोंढा कुठला माहितेय? रत्नागिरी जिल्ह्याचा.

खडूस | शनि, १३:२२

रत्नागिरी म्हणजे बाहेर? घरातल्या घरात ओसरीवरून माजघरात गेल्यासारखं आहे ते.

तळकोकण | शनि, १४:४५

खडूसभाऊ, ओसरीवरून माजघरात यायला तेव्हा बोट लागायची, आणि आलेल्याला माजघरात कोणी घेत नव्हतं. :)

आमचं गाव कणकवलीच्या वर. आजोबा गिरणीत साच्यावर, वडीलही गिरणीत. दोघंही लालबागला 'गावच्या खोलीत' राहिले. ही खोली एका माणसाची नसते, ग्रामस्थ मंडळाची असते. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणाऱ्या बायका बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरातल्या. त्यांनाच पुढे प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं.

आता तुमची शिडी आजोबांना दाखवली असती तर म्हणाले असते, "शिडी कसली घेवन बसलंस, आधी आंगण सारवून घी." त्यांचं सुख-दुःख मुंबईत नव्हतंच. शिमग्याला रजा मिळाली का, गणपतीला गाडी मिळाली का, आणि मनीऑर्डर पोचली का, यावर सगळं. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक छोटं कूपन असायचं, दोन ओळी लिहायला. आजीने ती सगळी कूपनं तांदळाच्या कणगीवरच्या डब्यात जपून ठेवली होती. मजकूर एकाच छापाचा: "पैसे मिळाल्याचे कळव. पाड्याला पेंड घाल. आईच्या पायाला तेल लाव." 'मी बरा आहे' असं एकाही कूपनावर नाही. तिनं तरी कधी विचारलं असेल का, कोण जाणे.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. वडील गावी आले ते काही वर्षं परत गेलेच नाहीत. घरात माणूस होता, पैसा नव्हता. आई म्हणते ती वर्षं उपासाची होती. आणि हेही म्हणते की लग्नानंतर नवऱ्याबरोबर सलग राहिले ती तेवढीच वर्षं. कितवी पायरी लिहायची सांगा.

जुनापाना | शनि, १५:३०

तळकोकण, कूपनं अजून असतील तर टाकू नका! स्थलांतराच्या समाजशास्त्राचा पायाच असल्या कागदांवर घातला गेलाय. शिकागोतले विल्यम थॉमस आणि त्यांचे पोलिश सहकारी फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर १९१८ ते १९२० या काळात पाच खंड काढले. सामग्री काय, तर घरची पत्रं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पैसे मोजून गोळा केलेली. त्यांनाही हेच दिसलं की पत्रं बातमी द्यायला लिहिली जात नाहीत, नातं अजून आहे हे दाखवायला लिहिली जातात. 'पैसे मिळाल्याचे कळव' म्हणजे तेच.

मांडवीकाठ | शनि, १६:१०

तळकोकण यांच्या गावच्या खोलीला आमच्या गोव्यात भावंड आहे, कूड. मुंबईत धोबी तलाव, डाबूल, माझगाव भागात गावागावांचे क्लब. बोटीवर कामाला जाणारे आमचे 'तारवटी' जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचे. भाडं नाममात्र. एका भिंतीला वेदी, गावच्या सायबाची तसबीर, आणि संध्याकाळी तेर्स म्हणजे रोजरी. तिला सगळ्यांनी हजर राहायचं, नाहीतर दंड. वर्षातून एकदा गावचं फेस्त मुंबईत साजरं करायचं. माझे मामा तिथे राहिलेत. गोव्यातल्या घरापेक्षा कूडीतली शिस्त कडक, असं सांगायचे.

आता काही कूडी जेमतेम चालतात. पण समाजशास्त्रज्ञ ज्याला 'सामाजिक भांडवल' म्हणतात ते मला तरी त्या ट्रंकांच्या रांगेत दिसतं. नव्या माणसाला पहिल्या रात्री कुठे झोपायचं हा प्रश्न पडत नव्हता.

रानजाई | शनि, २०:२५

आले. स्वयंपाक झाला, ओटा आवरला, आता बोलते.

गावची खोली पुरुषांची, कूड पुरुषांची, गिरणी पुरुषांची, सोडत कुटुंबप्रमुखाची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे ४५ कोटी लोक 'स्थलांतरित' आहेत आणि त्यात बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. कारणांच्या रकान्यात सर्वात वर नोकरी नाही, शिक्षण नाही. लग्न. म्हणजे देशातलं सर्वात मोठं स्थलांतर कोणतं, तर माहेराहून सासरी. त्याच्या सुखाचा अभ्यास किती जण करतात?

मी अमरावतीची, दिली पुण्यात. शेकडो किलोमीटर आले तर मी स्थलांतरित नाही, 'सून' आहे. सांख्यिक, तुमच्या शास्त्रात मिसळण्याचे चार प्रकार सांगतात ना, मानसशास्त्रज्ञ जॉन बेरीचे? त्यातले सुनेला किती खुले असतात?

माझं मिसळणं कुठून सुरू झालं सांगू? रेशन कार्डावरून. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग इकडे चढवू. तो आणायला बाबा तहसीलला दोनदा गेले. दाखला पोस्टाने आला तेव्हा आई फोनवर म्हणाली, "चला, आता तू ऑफिशियली गेली." सासरचे लोक चांगलेच आहेत, तक्रार नाही. पण दाखला काढायला लागला तो मलाच.

गोदाकाठ | शनि, २०:५०

रानजाई, बरोबर बोललात. मला हे सुचलंच नव्हतं कारण मी इथे व्हिसावर आले, पासपोर्टावर शिक्का बसला. तुमच्यावर कोणी शिक्का मारला नाही म्हणून ते दिसत नाही.

सांख्यिक | शनि, २१:१५

बेरींचे चार प्रकार, ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी. आपलं जपून इथलंही घेणं, हे एक. आपलं सोडून पूर्ण इथलं होणं. इथल्यांपासून फटकून आपलंच धरून बसणं. आणि ना धड इकडचं ना धड तिकडचं. बहुतेक अभ्यासांत पहिल्या प्रकारच्या लोकांचं बरं चाललेलं दिसतं. पण बेरी स्वतः सांगतात की निवड एकट्या स्थलांतरिताच्या हातात नसते. यजमान समाज दार किती उघडतो त्यावर ती ठरते. सुनेकडून आपल्याकडे दुसऱ्या, म्हणजे पूर्ण इथलं होण्याच्या, प्रकाराची अपेक्षा असते, पहिला तिनं कमवावा लागतो.

हुप्प्या | शनि, २१:२०

आमच्याकडे बायकोने पहिला प्रकार निवडला. मी चौथ्यात आहे.

अष्टागर | रवि, ०८:३०

मिसळण्यावर एक गोष्ट आमच्या भागातली. अलिबाग-पेण पट्ट्यातले बेने इस्राएली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून 'शनिवार तेली'. शेकडो वर्षं इथे राहिले, मराठी बोलले, आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर. कोणी त्रास दिला नाही. १९४८ नंतर हजारोंनी इस्रायलला गेले. म्हणजे आपल्या धर्माच्या, आपल्या हक्काच्या देशात. तिथे दिमोना, अश्दोदसारख्या ठिकाणी वसवले गेले. आणि तिथे धर्मपीठानं शंका काढली की यांचं ज्यूपण अस्सल आहे का? लग्नं लावताना पूर्वजांची चौकशी. काही जण तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच धरणं धरून भारतात परत आले होते, त्यातले बरेच पुढे पुन्हा गेले. शेवटी १९६४ मध्ये मोठी आंदोलनं झाली, संसदेत विषय गेला, तेव्हा ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं.

म्हणून मला 'आपल्या लोकांत गेलं की सुख' हे सूत्र पटत नाही. परक्यांत राहून ते परके झाले नाहीत, आपल्यांत गेल्यावर कागद दाखवावे लागले.

तळकोकण | रवि, ०९:१५

१०० टक्के. आणि इस्रायलला कशाला जायचं? २०२० चा गणपती आठवा. मुंबईचा चाकरमानी, जो वर्षभर गावाच्या देवळाला, शाळेला, वाडीच्या रस्त्याला पैसे पाठवतो, त्याला वाडीच्या तोंडावर आडवं लाकूड. आधी विलगीकरणात रहा, मग घरात या. भीती खरी होती, गावात एखादाच डॉक्टर. पण काकांना मांगरात झोपावं लागलं ते अजून विसरले नाहीत. मुंबईत 'कोकणातला', कोकणात 'मुंबईचा'. बेरीसाहेबांचा चौथा प्रकार आम्ही दर वर्षी एसटीचं तिकीट काढून अनुभवतो.

तरी जाणं थांबत नाही. २०११ ला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली होती, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. लोक कौतुकानं सांगतात की मुलींना जपणारा जिल्हा. अहो, पुरुष विरारला आहेत.

खडूस | रवि, ०९:४०

हे मात्र खरं. विरार लोकल त्यांच्यामुळेच भरते.

कट्टा_संपादक | रवि, १०:००

रात्री दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका राज्याच्या लोकांवरून सरसकट टिप्पणी नको. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

बालाघाट | रवि, १६:३५

पहिल्यांदाच लिहितोय, रोज वाचत असतो. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. तुमच्या चर्चेत एक स्थलांतर राहून गेलं. जे जातं आणि परत येतं. दर वर्षी.

आमच्या गावात दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाचे ट्रक, ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, बहुतेक पावसाळ्यात, लग्नाला नाहीतर दवाखान्याला. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडे कारखाना तिकडे. फडात पहाटे निघायचं, रात्री उशिरा गाडी भरायची. एक दिवस बसलं तर खाडा, वर दंड. बायकांच्या पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. गर्भाशय काढून टाकण्याचा विषय २०१९ ला पेपरात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. आमच्या गावात हे पेपरात येण्याआधीपासून सगळ्यांना माहीत होतं.

आता मिसळण्याचं बघा. ज्या गावाच्या शिवारात चार-पाच महिने खोपटं टाकून राहतात तिथली ग्रामपंचायत त्यांना ओळखत नाही. पाणी शेतमालकाच्या विहिरीवर, तेही त्याच्या मर्जीनं. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा २०२५ पर्यंत होता, तोही लागू व्हायचा तो राज्याची हद्द ओलांडली तर. कोल्हापूर, साताऱ्याला गेलेला माझा माणूस त्या कायद्यात बसतच नव्हता, कारण तो महाराष्ट्रातच होता. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक ऐन हंगामाच्या तोंडावर आली. कोणी मतदानासाठी थांबलं, कोणी आधीच निघून गेलं.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हीच माणसं कारखान्यांवर अडकली होती. मग तपासणी करून सोडलं. त्या महिन्यात सरकारला त्यांची मोजदाद करावी लागली.

समुद्रपार | रवि, १७:१०

सर, लिहीत रहा. मुलांचं काय होतं?

बालाघाट | रवि, १८:०५

पूर्वी साखरशाळा होत्या, कारखान्याच्या तळावर. आता गावातच हंगामी वसतिगृह चालवतात, म्हणजे मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाईकांकडे राहतं आणि शाळेतर्फे जेवण. यानं बरीच पोरं शाळेत टिकली, हे मी डोळ्यानं बघितलंय. पण वसतिगृहाची मंजुरी वेळेवर यावी लागते. आईबाप दसऱ्यानंतर निघतात. जेवण दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झालं तर मधल्या काळात पोरगं ट्रकमध्ये बसून गेलेलं असतं, आणि एकदा फडावर गेलं की लहान भावाला सांभाळायला, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करायला कामी येतं. मग कोण परत पाठवतो?

तुमचा धागा वाचून वाटलं, वर्गात ही शिडी काढून बघावी. आज... नाही, आज रविवार आहे, म्हणजे उद्या करून बघतो आणि सांगतो.

हुप्प्या | रवि, १८:१०

सर, तुम्ही एकटेच आहात इथे जे प्रयोग करण्याआधी तारीख तपासतात.

जुनापाना | रवि, १९:३०

मागे राहिलेल्यांवर केरळात चांगलं काम झालंय. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातल्या के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी १९९८ पासून केरळ स्थलांतर सर्वेक्षण चालवलं, काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा. त्यातून आखाती देशांत नवरा असलेल्या बायकांचा वेगळा अभ्यास पुढे आला. हातात पैसा, बँकेचे व्यवहार शिकल्या, घर बांधून घेतलं. आणि सर्वात मोठी तक्रार कशाची, तर एकटेपणाची. तळकोकण यांच्या आईंचं वाक्य तिथे चपखल बसेल. आपल्याकडे कोकणासाठी किंवा बीडसाठी असं सलग सर्वेक्षण असतं तर? देवनारला लोकसंख्या विज्ञानाची, १९५६ मध्ये स्थापन झालेली एवढी मोठी संस्था आहे, टाटा समाजविज्ञान संस्था आहे, पुण्यात गोखले संस्था आहे. सुटे अभ्यास होतात, चांगले होतात. पण पंचवीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागायला राज्य सरकारचं पाठबळ लागतं.

खडूस | रवि, २०:०२

आधी इथे येणाऱ्यांची मोजदाद करा, मग जाणाऱ्यांची.

जुनापाना | रवि, २०:०९

दोन्ही करा. एकाच फॉर्मात होतं ते. बीडचा माणूस साताऱ्यात 'येणारा'च असतो.

बालाघाट | सोम, १७:४०

आज आठवीच्या वर्गात फळ्यावर शिडी काढली. ० ते १०. वहीच्या कागदावर आकडा लिहा, नाव लिहू नका म्हटलं. निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप फडावर आहेत. एकाने हात वर केला. "सर, आजचं लिहायचं का आई-बाप येतील त्या दिवशीचं?" मी म्हटलं, एकूण आयुष्याचं लिही. तर दुसरी म्हणाली, "एकूण म्हणजे मोठं झाल्यावरचं का?" शेवटी मी सांगितलं, तुम्हाला वाटेल ते लिहा. चिठ्ठ्या बघितल्या. बऱ्याच जणांनी दोन आकडे लिहिलेत, मध्ये रेघ मारून.

सांख्यिकसाहेब, याचं काय करायचं?

सांख्यिक | सोम, १८:२०

सर, तुमच्या पोरांनी दहा मिनिटांत तो वाद घातला ज्यावर अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडतायत. आयुष्याचं मूल्यमापन वेगळं आणि रोजची भावना वेगळी. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये हेच वेगळं करून दाखवलं होतं. आणि मागे राहिलेल्या कुटुंबांवर गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या शंभराहून अधिक देशांतल्या माहितीवरून एक अभ्यास आहे. घरातलं कोणी परदेशी असलं की आयुष्याला दिलेला आकडा वर जातो. त्याच माणसांचा ताण आणि नैराश्यही वाढलेलं दिसतं. म्हणजे दोन आकडे, मध्ये रेघ. चिठ्ठ्या फेकू नका.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत असं बनलंय की गोदाकाठताईंनी विचारलेला प्रश्न चुकीचा नाही, पण तो एका माणसाला विचारलाय. आपल्याकडे स्थलांतर एक माणूस करत नाही, घर करतं. कोण जाणार, कोण राहणार, कोण म्हाताऱ्यांना बघणार, हे घरात वाटून घेतलेलं असतं. मग शिडीही घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी दाखवायला हवी. सरासरी काढू नये. आजीचे ३ आणि नातवाचे ९ मिळून ६ होत नाहीत.

गोदाकाठ | मंगळ, ०६:५०

सर, तुमचा प्रतिसाद मी इथे शेजारणीला वाचून दाखवला. ती टोंगन आहे, सोडतीत आलेल्या घरातलीच. तिनं लगेच विचारलं, मुलांना जेवण ऑक्टोबरपासून का देत नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

आणि हो, काल आईला व्हिडिओ कॉलवर शिडी समजावली. म्हणाली, "तू तिकडे गेलीस म्हणून ८. तू तिकडे आहेस म्हणून ५." मी माझ्या ६ वर ठाम आहे.

बालाघाट | मंगळ, ०७:१५

ताई, त्यांना सांगा, आम्हीही हाच प्रश्न दर वर्षी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारतो. पुढच्या हंगामाची यादी यंदा पोळ्यालाच करून ठेवणार आहे. कोणती घरं जाणार हे तोपर्यंत गावात ठरलेलं असतं, उचल उठलेली असते.

रानजाई | मंगळ, १३:३०

सर, यादीचा नमुना टाका इथे. माझी बहीण यवतमाळला शिक्षिका आहे, तिच्याकडे वीटभट्टीवर जाणारी घरं आहेत, तिला उपयोगी पडेल.

आणि माझा आकडा राहिला होता. ७. नवऱ्यालाही विचारलं. म्हणाला, मला कशाला विचारतेस, मी कुठे स्थलांतर केलंय?

सांख्यिक | मंगळ, १३:४२

विचारा, विचारा. यजमान समाजाची आकडेवारी फारच कमी आहे.